दादाचं कॉन्फिगरेशन

आमच्या घरात कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी त्याचे पार्ट आले होते, आणि तेही नुसते बोलण्यात. आम्ही चौघं जेवायला बसलो की दादा भाकरी मोडता मोडता जाहीर करायचा, की कालचा मदरबोर्ड रद्द. परवापर्यंत जो मदरबोर्ड जगात सगळ्यांत चांगला होता, त्यात आज म्हणे खोट निघालेली असायची. आई विचारायची, "अन् रॅम?" दादा म्हणायचा, "रॅम तीच." मग आई समाधानानं भाजी वाढायची. रॅम म्हणजे खायची की ल्यायची हे तिला ठाऊक नव्हतं. पोरगं बोललं, एवढं तिला कळत होतं.

ही दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आम्ही सेनगावला राहायचो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आई अंगणवाडीत, आणि मी बारावीला. दादा माझ्याहून मोठा, औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता. वस्तीतून इंजिनिअरिंगला गेलेला तो पहिलाच. तो निघाला तेव्हा विहारापुढे त्याचा सत्कार झाला होता, बाबांनी भाषणही केलं होतं आणि ते जरा लांबलंच होतं. दुसऱ्या वर्षाच्या अर्ध्यावरच दादा परत आला. एका दुपारी ट्रंक घेऊन एसटीतून उतरला, मधल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

तिकडे काय झालं हे त्यानं कधीच सांगितलं नाही. आजपर्यंत नाही. पेपर राहिले का, तर गप्प. कोणी काही बोललं का, तरी गप्प. ताकास तूर लागू दिली नाही. बाबा दोनदा औरंगाबादला जाऊन चौकशी करून आले, तेही आल्यावर काही बोलले नाहीत. मग एक दिवस आईनं मागच्या खोलीतलं फवारणीचं औषध उचललं. काकांच्या शेताचं ते औषध कैक वर्षं आमच्याकडेच ठेवलेलं असायचं. ते ती स्वतः डोक्यावर घेऊन काकांच्या शेतातल्या आखाड्यावर देऊन आली. काकूनं विचारलं तर म्हणाली, घरात वास येतो. त्याच आठवड्यात बाबांनी मधल्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. मला म्हणाले, कडी गंजली होती. आम्हा तिघांना एकच भीती होती आणि आम्ही तिघंही ती एकमेकांपासून लपवत होतो.

त्या दिवसांत मला घरी यायला नको वाटायचं. कॉलेज सुटलं की मैत्रिणीकडे रेंगाळायचे, आणि मग एकदम आठवण होऊन घराकडे धावत सुटायचे. दारातून आधी मधल्या खोलीत पाहायचे. पाठ दिसली, पांघरूण हलताना दिसलं, की चप्पल काढायचे.

कशाला तरी हिंगोलीला गेले होते, तर बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर एक कॉम्प्युटरचं मासिक दिसलं. इंग्रजी होतं. मुखपृष्ठावर शर्यतीची मोटार होती, म्हणून घेतलं. दादाला लहानपणी मोटारींचं वेड होतं, एवढाच हिशेब. घरी येऊन त्याच्या उशाशी ठेवलं आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर स्वारी उठून बसलेली, मासिक मांडीवर.

"यातलं ग्राफिक्स कार्ड भारी हाय," तो मला म्हणाला. "पन जुन्या मदरबोर्डवर ते चालायचं न्हाई."

मला एक शब्द कळला नाही. मी चुलीपाशी पळत गेले आणि आईला सांगितलं, दादा बोलला. काय म्हणला, तिनं विचारलं. मी म्हटलं, मदरबोर्ड जुना चालत नाही म्हणतोय. आईचे हात पिठात होते. तिनं मनगटानंच डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग नवा घेऊ म्हणाव."

तिथून सुरू झालं. दादाला एक कॉम्प्युटर जोडायचा होता, तयार नको होता. त्याच्यावर गेम खेळायचा, सिनेमे पाहायचे, जयंतीच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवायच्या. त्यासाठी कोणता पार्ट कोणत्या पार्टाशी जमतो याचा त्याचा विचार चालायचा, आणि विचार कसला, सोयरीकच ती. या प्रोसेसरला तो मदरबोर्ड चालत नाही, तो मदरबोर्ड घेतला तर ही रॅम बसत नाही, सगळं जमलं तर एसएमपीएसला एवढं पेलवत नाही. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातला विजेचा पुरवठा, हे आम्हाला तोपर्यंत पाठ झालं होतं. या सगळ्या जुळणीला तो कॉन्फिगरेशन म्हणायचा. कागदावर एक अक्षर लिहायचा नाही, सगळं तोंडपाठ. आठवड्यातून एकदा एसटीडी बूथवर जाऊन नांदेडच्या दुकानाला फोन लावायचा, आणि आला की कॉन्फिगरेशन बदललेलं असायचं. प्रोसेसर भारी घेऊन ग्राफिक्स कार्ड हलकं घेतलं तर काय होतं हे त्यानं एकदा समजावून सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, भाताचा गंज मोठा अन् चूल लहान, असंच न. दादा हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. त्या दिवशी आईनं वस्तीत सगळ्यांना ही चुलीची गोष्ट सांगितली, आणि कोणाला काही कळलं नाही तरी तिला चाललं.

एक गोष्ट मात्र तो कधी बदलायचा नाही. आधी अर्थिंग. आमच्या घराला अर्थिंग नव्हतं. प्लगच्या तिसऱ्या भोकात तार नाही, ते नुसतं दाखवायला आहे, असं तो बाबांना दर आठ-पंधरा दिवसांनी सांगायचा. बाबा मान डोलावायचे आणि म्हणायचे, आधी वस्तू तर येऊ दे, आधी कळस मग पाया कशाला. दादा म्हणायचा, पायाच म्हणून राहिलो मी. पण दोघांपैकी कोणीही कुदळ उचलत नव्हतं.

बाबांना गेम ही गोष्ट पटत नव्हती. होस्टेलात पोरगं गेमनंच बिघडलं, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. कारण दुसरं कुठलं कारण त्यांच्या हाताशी नव्हतं. गाणी ठीक, सिनेमाही एक वेळ ठीक, पण गेमसाठी एवढं भारी कार्ड काहून, असं त्यांनी एकदा जेवताना विचारलं. आवाज चढलेला नव्हता. दादानं ताटात पाहत उत्तर दिलं.

"गेममधी कोणी आडनाव विचारत न्हाई, बाबा."

बाबांनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. औरंगाबादबद्दल दादा जे काही बोलला असेल ते एवढंच. मग तो पुन्हा एसएमपीएसवर आला, आणि आम्ही तिघंही मोठ्या तत्परतेनं त्याच्यामागून एसएमपीएसवर आलो.

असं वर्ष गेलं. कॉन्फिगरेशन काही पुरं होईना. शेजारीपाजारी टोमणे मारायचे. गुरुजी, तुमचा कॉम्प्युटर नांदेडहून पायी येऊन राहिला का? माझा स्वभाव तिखट, मी त्यांना उलट उत्तरं द्यायचे. पण आतून मलाही वाटायचं की नमनालाच घडाभर तेल चाललंय. एकदाचा कॉम्प्युटर घरात आला की हा उठेल, कामाला लागेल, परीक्षाही देईल. आईला तसंच वाटायचं. बाबांना तर फारच.

आमच्या घरची एक रीत होती. एप्रिलातल्या जयंतीला वस्तीत लोक नवे कपडे घ्यायचे, निळ्या पताका लावायचे. आमच्याकडे त्या दिवशी कपडे नाही, शिकायच्या उपयोगाची वस्तू यायची. बाबांनी ही रीत पहिल्या पगारापासून पाळली. कधी शब्दकोश आला, कधी पृथ्वीचा गोल, कधी टेबललॅम्प, आणि दादा आठवीला गेला तेव्हा सायकल. वस्तू आली की आधी विहारापुढे न्यायची, फुलं वाहायची, मग घरात. त्या वर्षी जयंतीच्या सकाळी बाबा लवकर हिंगोलीला गेले आणि दुपारी जीपमधून परतले. जीपच्या मागच्या सीटवर खोकीच खोकी, आणि वर चाकाचं टेबल दोरीनं बांधलेलं.

कॉम्प्युटर आला होता. पुरा, तयार. विद्यार्थ्यांसाठीचा खास सेट, असं खोक्यावरच छापलेलं होतं. सोबत प्रिंटर, प्लास्टिकचं झाकण, सामान्यज्ञानाची सीडी. बाबांनी त्याच्यासाठी किती दिवस काय काय बाजूला टाकलं होतं ते आईलाही माहीत नव्हतं. विहारापुढे खोकी उघडली, मॉनिटरला झेंडूची माळ घातली. पोरं-बाया गोळा झाल्या. कोणीतरी बाबांना पेढा भरवला. बाबांचा चेहरा असा मी पूर्वी पाहिला नव्हता आणि पुढेही नाही. ते सारखे गर्दीतून दादाला शोधत होते.

दादा आला. त्यानं माळेकडे पाहिलं नाही, मॉनिटरकडेही नाही. डब्याच्या मागच्या बाजूला जाऊन वाकला आणि तिथल्या जोडण्यांवरून बोट फिरवलं. ग्राफिक्स कार्ड बसवायला आत जागाच ठेवलेली नव्हती. मदरबोर्डवर जेवढं होतं तेवढंच, वाढवायची सोय नाही. हे मला खूप नंतर कळलं, त्याला बोट फिरवतानाच कळलं. डब्याच्या कडेला दुकानदाराचं कागदी सील होतं. सील तोडलं तर वॉरंटी गेली, असं बाबा सगळ्यांना अभिमानानं सांगत होते.

"चांगला हाय, बाबा," दादा म्हणाला.

त्या दिवशी जेवताना तो बोलला नाही. आईनं थोडा वेळ वाट पाहिली आणि नेहमीसारखं विचारलं, अन् रॅम? तिला वाटलं, आता खरीखुरी रॅम घरात आहे, आता तर जास्तच सांगेल.

"आता काय त्याचं," दादा म्हणाला, आणि ताटातच हात धुतला.

दुसऱ्या दिवसापासून तो परत भिंतीकडे तोंड करून निजून राहिला. आता त्याच्या उशाशी मासिक नव्हतं. बाबांना काही उमगेना. मागत होता तीच वस्तू आणून दिली, मग बिघडलं कुठं? ते आईला विचारायचे, मला विचारायचे. मला बाबांचा राग यायचा आणि बाबांची कीवही यायची. मग दोन्ही गिळून मी अभ्यासाचं पुस्तक उघडायचे आणि एकच पान वाचत बसायचे. आम्हाला वाटलं होतं, पोराला कॉम्प्युटर हवाय. त्याला उद्या सकाळी उठायला काहीतरी हवं होतं. रोज एक पार्ट रद्द करायचा, दुसरा शोधायचा, त्याच्यावर तो जगत होता. आम्ही त्याला जेवण वाढून ताट पुढ्यातून उचललं होतं.

कॉम्प्युटर समोरच्या खोलीत, टेबलावर. बाबांनी हिंगोलीच्या कॉम्प्युटर क्लासात पाहिलेला नियम घरात लावला, की चपला उंबऱ्याबाहेर. धूळ गेली की मशीन खराब होतं. वस्तीतली पोरं पाय धुऊन, अनवाणी, रांगेनं येऊन पाहून जायची. बाबा एका बोटानं आपलं नाव टाइप करून दाखवायचे. लोडशेडिंगमुळे वीज कधी असायची, कधी नसायची, आणि आली की बाबा शाळेत असायचे. बाकी वेळ झाकण घातलेलंच. दादा त्या खोलीत पायही ठेवत नव्हता. न्हाणीकडे जाताना परसातून वळसा घालून जायचा.

मे महिन्यातली सकाळ होती. आईनं शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं पुसली होती. तेवढ्यात लाइट आली. बाबांना सुट्ट्या होत्या, त्यांनी हौसेनं कॉम्प्युटर चालू केला आणि मला हाक मारली. आईनं त्याच ओल्या फडक्यानं, अनवाणी, डब्याची कडा पुसायला घेतली. पुढचं मी पाहिलं ते एवढंच, की आई "आई गं" म्हणत मागे फेकली गेली आणि खाली बसली.

मधल्या खोलीतून दादा कसा आला हे मला सांगता येणार नाही. तो आला आणि त्यानं आधी भिंतीवरचं बटन बंद केलं, मग प्लग उपटला, मग आईचा हात हातात घेऊन बोटं दाबून पाहिली. आणि मग बाबांवर उसळला.

"वर्षभर सांगून राहिलो, आधी अर्थिंग करा, आधी अर्थिंग करा. कोणाला ऐकायचंच न्हाई. अनवाणी करून ठेवलं सगळ्याईला, वरून फरशी ओली. आई मेली असती म्हंजे?"

बाबांनी खाली पडलेलं ओलं फडकं उचललं. त्यांच्यावर कोणी असं ओरडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं, तर ती फरशीवर बसल्या बसल्या मुंग्या आलेला हात चोळत होती आणि चक्क हसत होती. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. ती मला हळूच म्हणाली, "बोललं गं लेकरू."

दादा परसात गेला. न्हाणीचं पाणी जिथं मुरायचं तिथली जागा त्यानं निवडली, कारण तिथली माती ओली राहते. कुदळ घेतली आणि खणायला लागला. वर्षभर उन्हात काम न केलेला माणूस, थोड्या वेळात घामानं निथळला, तळहाताला फोड आले. बाबा घमेल्यानं माती उचलायला लागले. पुढच्या कामाला मीठ आणि कोळसा लागतो म्हटल्यावर मी दुकानातून खडेमीठ आणलं, आईनं चुलीतला साठवलेला कोळसा दिला. लोखंडी पाइप शेजाऱ्यांनी दिला, तेच ते टोमणेवाले शेजारी. खड्ड्यात पाइप उभा करून भोवती मिठाचा आणि कोळशाचा थर, वर पाणी, मग तार ओढून प्लगच्या तिसऱ्या भोकापर्यंत. शेवटी दादानं होल्डरला बल्ब लावून तपासलं. बल्ब लख्ख पेटला. आता त्या तिसऱ्या भोकाला अर्थ आला, असं तो बाबांना म्हणाला. राग गेला नव्हता, पण बोलणं होतं.

हात धुऊन दादा मधल्या खोलीकडे निघाला, तर बाबांनी त्याला थांबवलं. ते कॉम्प्युटरपाशी खाली बसले. बाबा सीलला फार मानणारे. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकांचं पाकीट फोडायची वेळ आली की ते घड्याळात पाहून, दोन साक्षीदार उभे करून फोडायचे. त्यांनी डब्याच्या कडेचं सील नखानं खरवडायला सुरुवात केली.

दादा म्हणाला, वॉरंटी जाईल.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. सील पुरतं फाटेपर्यंत ते खरवडत राहिले, मग सरकून त्यांनी दादाला जागा करून दिली. "आता सांग, यातलं काय ठेवायचं अन् काय बदलायचं."

दादानं स्क्रू काढले, डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि आतला एकेक पार्ट बोटानं चाचपून पाहिला. म्हणाला, तसं पाहिलं तर सगळंच बदलावं लागेल.

"मंग एकेक बदलू," बाबा म्हणाले. "घाई न्हाई."

त्या दिवसापासून त्या डब्याचं झाकण परत बसलं नाही. ते भिंतीला टेकून उभं असायचं आणि आतला पंखा उघड्यावर फिरायचा. धुळीचा नियम आपोआप बारगळला. सहा-आठ महिन्यांत एखादा पार्ट यायचा. आधी एसएमपीएस, मग मदरबोर्ड. त्यासाठी दादा आणि बाबा सेनगावहून जीपनं हिंगोली आणि तिथून नांदेड करायचे. परत आले की दोघांच्या बोलण्यात एकच विषय असायचा. दुकानदार प्रोसेसरवरून सुरुवात करतो, आणि दादा एसएमपीएसवरून, म्हणून त्यांचं जमत नाही, असं बाबा मला कौतुकानं सांगायचे. ग्राफिक्स कार्ड आलं तेव्हा दादानं मोटारींचा गेम लावला. बाबांनी खुर्ची ओढून शेवटपर्यंत पाहिला, फक्त एकदा म्हणाले, हा माणूस कधी ब्रेकच दाबत न्हाई का. पुढच्या जयंतीला दादानं जुन्या कॅसेटींवरची गाणी सीडीवर उतरवून वस्तीत वाटली.

पण सगळं सुरळीत झालं असं कोणाला वाटू नये. दादा कॉलेजला परत गेला नाही. लग्न नको म्हणाला. मध्येच एखाद्या आठवड्यात भिंतीकडे तोंड करून निजायचा, आणि कडी नसलेल्या त्या दारातून आम्ही पाळीपाळीनं डोकावायचो. फवारणीचं औषध आमच्याकडे परत आलं नाही.

मी नर्सिंगला औरंगाबादला गेले आणि तिथेच सरकारी दवाखान्यात लागले. रोज ड्युटी संपली की घरी फोन. बरा आहेस का, असं मी दादाला कधी विचारलं नाही. विचारायचे, काय बदलून राहिलास? तो सांगायचा, हार्ड डिस्क लहान पडते. किंवा सांगायचा, डीव्हीडी रायटर पाहून राहिलो. एवढं ऐकलं की मला त्या रात्री झोप लागायची. आई तर त्यालाच त्याची तब्येत म्हणायची. शेजारीण पोराबद्दल विचारायला आली की सांगायची, बरं हाय, रॅम वाढवून राहिला.

आणि मग एक दिवस मी फोन केला, नेहमीचा प्रश्न विचारला, आणि दादा म्हणाला, "आता काही बदलायचं न्हाई. पुरं झालं."

आवाज शांत होता. वॉर्डात इतक्या दिवसांत मी ओरडणाऱ्या माणसांपेक्षा शांत माणसांना घाबरायला शिकले होते. मी म्हटलं, आईला दे. आई फोनवर आली. तिनं एवढंच सांगितलं, की तिलाही तो सकाळपासून तसंच म्हणतोय. मी म्हटलं, येते.

सकाळची पहिली गाडी पकडली. जिंतूरला गाडी बदलली, तिथं चहासुद्धा प्याले नाही. येलदरीवरून पुढं सेनगावपर्यंतचा तो रस्ता मला कधीच एवढा लांब वाटला नव्हता. कंडक्टरनं दोनदा विचारलं, ताई, तब्येत बरी हाय न. मी त्याच्यावर खेकसले.

घरी पोहोचले तेव्हा आई दारातच बसली होती, पुढ्यात निवडायला तुरीची डाळ. डाळ निवडून कधीच झाली होती, ती नुसती बोटं फिरवत होती. बाबा शाळेत गेले नव्हते, परसात उगीच झाडांना पाणी घालत होते. मी चप्पल न काढताच समोरच्या खोलीत गेले.

दादा कॉम्प्युटरपुढे बसला होता. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. डब्याचं झाकण बसवलेलं होतं, सगळे स्क्रू आवळलेले. भिंतीशी ते जिथं इतकी वर्षं टेकून असायचं तिथं फरशीवर एक पांढरी रेघ तेवढी राहिली होती. ते बसवलेलं झाकण पाहून मी सवयीनं मधल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"तू काहून आलीस मधीच?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, सुट्टी होती. त्याला बरं वाटलेलं दिसलं. म्हणाला, ऐक, आणि त्यानं जयंतीचं एक जुनं गाणं लावलं. इतकं स्वच्छ गाणं मी त्या घरात ऐकलं नव्हतं. पेटी वेगळी कळत होती, टाळ्या वेगळ्या कळत होत्या. तो डोळे मिटून ऐकत होता. आई उठून आत आली आणि टेबलापाशी उभी राहिली. माझ्या मागे बाबा, हातात पाण्याचा मग तसाच.

गाणं संपलं. आई म्हणाली, "आवाज घोगरा येऊन राहिला."

दादानं डोळे उघडले. घोगरा नाही, म्हणाला.

"मला ऐकू येतं न," आई म्हणाली. "खालचा आवाज फाटतो. बदलाय पायजे."

ज्या बाईला इतक्या वर्षांत मॉनिटर आणि कीबोर्ड यांपलीकडे कशाचं नाव सांगता आलं नव्हतं, ती आवाजात खोट काढत होती. दादानं बाबांकडे पाहिलं. बाबा घसा साफ करून म्हणाले, "व्हय. घोगराच येतो जरासा." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यानं पाहिलं. माझ्या पायांतल्या धुळीच्या चपलाही पाहिल्या.

त्यानं आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. कडी कोणी काढली, औषध कुठं गेलं, मी रोज काय विचारते, हे सगळं त्याला तेव्हा कळलं की आधीपासूनच ठाऊक होतं, कोण जाणे.

"मी नुसतं कॉम्प्युटर पुरं झालं म्हणलो, आई."

"व्हय," आई म्हणाली. "पन आवाज बदल."

दादा उठला. खिडकीतला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खाली बसून डब्याचे स्क्रू काढायला लागला. काही घाई नव्हती त्याच्या हाताला. झाकण निघालं, ते त्यानं भिंतीशी त्या पांढऱ्या रेघेवर परत टेकवून ठेवलं, आणि आत वाकून म्हणाला, साउंड कार्डापासून पाहावं लागेल.

आई भाकरी टाकायला आत निघाली होती. उंबऱ्यात थांबून, मागे न पाहता तिनं विचारलं, "अन् रॅम?"

"रॅम तीच," दादा म्हणाला.